पाणी बघायला जायचंय, पण भीती वाटते

पत्र : ताई, आम्ही अमळनेरला राहतो. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. मागच्या श्रावणात यांच्या मित्रमंडळींबरोबर एका धबधब्यावर गेलो होतो. सगळे पाण्यात उतरले. मी मुलीचा हात धरून काठावर बसले आणि मला रडूच आलं. घरी आल्यावर हे म्हणाले, ‘तुझ्यामुळे सगळ्यांचा विरस झाला, गुडघाभर तर पाणी होतं.’ आता पुन्हा बेत चाललाय. मुलं म्हणतात, नाहीतर लोणावळ्याला न्या, आपल्या कोरड्या खानदेशात आहे काय? ताई, मी खरंच भित्री आहे का? मुलांना घरातच ठेवू का? – एक आई, अमळनेर

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

मुलांना घरात ठेवू नका. आणि तुम्ही भित्र्याही नाही. त्या दिवशी काठावर बसून तुम्ही जे केलंत, ते खरं तर सगळ्यांनी आळीपाळीने करायला हवं होतं. पाण्यात कोण आहे, पाणी कसं आहे, हे बघणारं एक माणूस काठावर असलंच पाहिजे. तुमच्यावर ते काम न सांगता पडलं आणि वर ठपकाही तुमच्यावरच आला, याचं मला वाईट वाटलं.

आता ‘गुडघाभर पाणी’. हा शब्द मी फार वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी काळजात चर्र होतं. वाहत्या पाण्याची खोली विचारायची नसते, ओढ विचारायची असते. वेगाने वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं. फूटभर पाणी लहान गाडी तरंगवतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. गुडघा याच दोन फुटांच्या आत येतो. शिवाय धबधब्याखालचे दगड शेवाळलेले असतात, आणि बाबांच्या गुडघ्यापर्यंतचं पाणी तुमच्या लेकीच्या मांडीच्या वर जातं.

आपल्या मुलखात याला आणखी एक कारण आहे. कोकणातला पाऊस दिवसच्या दिवस पडतो, ओढे भरलेलेच असतात, माणसं सावध असतात. आपण सह्याद्रीच्या आडोशाला आहोत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे जाणारी तापी. पाऊस मोजक्या दिवसांत उरकून घेतो. डोंगरावर काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर, उतार खडा. एक जोराची सर आली की पाणी मुरायला थांबत नाही, सरळ नाल्यात उतरतं. यावल-रावेरच्या बाजूला तर सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड पट्टा आहे. नाल्याचं पाणी त्यात जिरून जातं, म्हणून खाली नाला कोरडा ठक्क दिसतो. तिथेच लोक गाडी लावतात, तिथेच चटई अंथरतात. वर डोंगरात काय चाललंय याचा तिथे काही पत्ता नसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी मुलं लहान होती तेव्हा आम्ही दोन कुटुंबं सातपुड्याच्या पायथ्याला अशाच एका नाल्यावर गेलो होतो. ऊन पडलं होतं. मोठी मुलं नाला ओलांडून पलीकडच्या जांभळीखाली खेळत होती. वरच्या बाजूने शेळ्या घेऊन येणारा एक पावरा आदिवासी मुलगा हात हलवून ओरडायला लागला. आम्हाला वाटलं, शेळ्यांना हाका मारतोय. मग पाण्यात काटक्या आणि पालापाचोळा दिसायला लागला, नितळ पाणी चहासारखं झालं, आणि तो आवाज आला. ट्रकचा आवाज असतो तसा, पण थांबत नाही. मुलं पलीकडे, आम्ही अलीकडे. तीन तास. मुलांना ओरडून एवढंच सांगता येत होतं की उतरू नका, वर चढा, झाडाखाली उभे राहू नका. पाणी ओसरलं, सगळे सुखरूप घरी आलो. चूक आमची होती. त्या मुलाला आम्ही येताना एका शब्दाने विचारलं नव्हतं की वर पाऊस आहे का. माझी आजी अहिराणीत म्हणायची, ‘पानीना भरोसा नही’. ती वाक्य म्हणून बोलायची आणि आम्ही म्हण म्हणून ऐकायचो.

मोठं उदाहरण हवं असेल तर चाळीसगाव आठवा. २०२१ च्या ऑगस्टची ३० तारीख, रात्र. गौताळ्याच्या आणि कन्नड घाटाच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि ३१ला सकाळी डोंगरी आणि तितूर या नद्या गावात शिरल्या. पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे. सहलीच्या दिवशी डोक्यावरचं आभाळ निरभ्र असलं तरी तेवढ्याने भागत नाही. पाणी ज्या डोंगरातून येतं तिकडचं आभाळ बघायचं आणि तिकडच्याच माणसाला विचारायचं.

म्हणून माझा पहिला सल्ला दिवसाबद्दल आहे, जागा नंतर. तुमच्या यजमानांच्या मित्रांचा बेत श्रावणातल्या रविवारचा असेल तर तो दोनच गोष्टींसाठी चुकीचा आहे: पाऊस आणि गर्दी. तुम्ही पाऊस उघडून दोन-तीन दिवस गेले की जा. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर हे आपल्याकडे पाणी बघायचे सोन्याचे दिवस. डोंगर हिरवे असतात, धबधबे बारीक झालेले असले तरी चालू असतात, कुंडांचं पाणी निवळलेलं असतं. फक्त परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो. तेव्हा पहाटे निघायचं, सकाळी पाण्यापाशी, आणि एक वाजायच्या आत नाल्यातून वर. ढग गरजले की पाण्यातून आणि एकट्या झाडाखालून निघून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

आता ‘खानदेशात आहे काय’. मुलांना हे उत्तर मी फार प्रेमाने देणार आहे.

पहिली सहल पाटणादेवीची करा. चाळीसगावहून जवळ आहे, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. चंडिकादेवीचं जुनं हेमाडपंती देऊळ, भोवती डोंगरांचा अर्धगोल कडा. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे दोन धबधबे याच रानात आहेत. धबधब्याच्या वाटेला लागण्याआधी वनखात्याच्या चौकीवर विचारा, आज कुठपर्यंत जाता येतं. त्यांनी नाही म्हटलं तर देवळाच्या आवारात बसा, कडा बघा, परत या. पाणी लांबून बघितलं तरी ते बघणंच असतं.

तुमच्या १३ वर्षांच्या मुलाला तिथे एक गोष्ट सांगा. भास्कराचार्यांचा वारसा सांगणारा शिलालेख याच पाटणला सापडला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला होता, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा आणि ‘लीलावती’ ११५०ची. त्या लीलावतीत एका तळ्यातल्या कमळाचं गणित आहे. कळी पाण्याच्या वर अर्धा हात दिसते. वाऱ्याने ती कलते आणि जिथे होती तिथून दोन हातांवर पाण्यात बुडते. तर तळं किती खोल?

हे गणित सोडवायला एरंडोलजवळच्या पद्मालयाला जा. तळं आहे, कमळं आहेत, काठावर गणपतीचं देऊळ. एकाच देवळात उजव्या सोंडेचा आणि डाव्या सोंडेचा असे दोन गणपती. सासूबाईंना हे ठिकाण झेपेल, सावलीत निवांत बसता येईल. मुलाला पायथागोरसचा सिद्धान्त एव्हाना शाळेत शिकवला असेल किंवा लवकरच शिकवतील. देठ म्हणजे कर्ण. उत्तर येतं पावणेचार हात. एक हात साधारण दीड फुटाचा धरला तर साडेपाच फुटांच्या वर. म्हणजे हाताला येईलसं वाटणारं कमळ जिथे उगवलंय, तिथे तुमच्या लेकीच्या डोक्यावरून पाणी आहे. आणि कदाचित भावाच्याही. मुलांना ‘जाऊ नको’ दहा वेळा सांगण्यापेक्षा हे एक गणित मांडून दाखवा. स्वतः काढलेलं उत्तर मुलं विसरत नाहीत, हे मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यात बघितलंय.

तलावांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण धबधब्याची भीती दिसते, तलावाची दिसत नाही. आपल्याकडे धरणाचं पाणी हिवाळ्यापासून मागे हटत जातं. मागे राहतो तो काळ्या मातीचा गाळ. वरून वाळून भेगाळलेला, आत लोण्यासारखा. त्यावर पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत, दुसरं टाकलं की पोटरीपर्यंत, आणि पाय ओढताना तोल जातो. गाय रुतलेली तुम्ही पाहिली असेल. म्हणून काठाला जायचं ते जिथे गुरांची पायवाट आहे, दगड आहेत, माणसांची रोजची ये-जा आहे तिथूनच. दुसरं, तलावांतला गाळ शेतात टाकण्यासाठी उकरून नेतात. शेतीला ते चांगलंच आहे, पण पावसाळ्यात ते खड्डे भरले की वरून सगळं सपाट दिसतं. चार पावलं घोट्याएवढं पाणी आणि पाचव्या पावलाला तळ नाही. गिरणा आणि तापीच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे असेच. ज्या नदीत आपण लहानपणी पोहलो तिचा तळ आज तो राहिलेला नाही. तुमचे यजमान ‘मी या नदीत वाढलोय’ म्हणत असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा. धरणाच्या खालच्या अंगाला, पात्रात, तर कधीच बसू नका. वर दरवाजे उघडले की खाली पाणी येतं. एकट्या हतनूरला ४१ दरवाजे आहेत.

पण हतनूरला जाच, हिवाळ्यात. भुसावळ तालुक्यात तापीवरचं धरण, मागे पसरलेला जलाशय, आणि त्यात दूरदेशाहून उतरलेले पक्षी. नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने बसलेले दिसतात. एक साधी दुर्बीण उसनी मिळाली तर मुलीला द्या. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं (भास्कराचार्यांचा नातू नव्हे, योगी चांगदेव) देऊळ आहे, ते त्याच दिवशी होतं. इथे पाण्यात उतरायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे तुमचाही जीव शांत राहील. तुमच्यासाठी मी हे ठिकाण मुद्दाम सुचवते आहे. पाण्यापाशी बसून घाबरायचं नाही, याची सवय तुम्हालाही लागायला हवी.

यावल तालुक्यातली मनुदेवी तुम्हाला माहीत असेलच, आडगावच्या वर सातपुड्यात, देवळाजवळच धबधबा. नवरात्रातली गर्दी टाळा. रावेर तालुक्यातलं पाल थंड आणि झाडीचं. अलालदरी, साक्री तालुक्यातली, वरून बघायची जागा आहे. तिथे मुलांचा हात सोडू नका आणि कड्याच्या टोकावर कुणाचाही फोटो काढू नका. सासूबाईंसाठी चोपडा तालुक्यात अडावदजवळचं उनपदेव, थंडीतल्या सकाळी. गरम पाण्याचा झरा आहे. आधी आपल्या हाताने पाणी बघा, मगच त्यांना पाय बुडवू द्या.

आणि दोन दिवस काढता आले तर तोरणमाळ. शहाद्याहून वर चढणारा वळणांचा घाट, साडेतीन हजार फुटांच्या वरचं पठार, मधोमध यशवंत तलाव. खाली खानदेश उकडत असतो आणि वर रात्री शाल लागते. सीताखाईच्या कड्यापाशी उभं राहिलं की पाण्याने एवढा काळा पाषाण कसा कोरला असेल, हे मुलं आपण होऊन विचारतात. रस्ता दिवसाउजेडी चढा आणि उतरा. तिथल्या भिल्ल-पावरा वस्तीत माणसं मोजकं बोलतात, पण नीट विचारलं तर नीट सांगतात. फोटो काढायचा तर आधी विचारून.

लोणावळ्याचं मी काही वाईट बोलणार नाही. पण ज्या मुलांना आपल्या अंगणातली बोरी, पांझरा, गिरणा कुठून येते हे माहीत नाही, त्यांना आधी ते दाखवावं, असं माझं मनापासूनचं मत आहे.

आता घरातल्या बोलण्याकडे येते. तुमची अडचण अर्धी तिथे आहे. काठावर उभं राहून ‘नको ना हो’ म्हटलं की चारचौघांत ते रडगाणं वाटतं आणि यजमानांना मित्रांसमोर माघार घेणं जड जातं. म्हणून बेत ठरताना बोला, घरी, जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर. ‘मला भीती वाटते’ एवढंच म्हणून थांबू नका. त्यांना काम द्या. म्हणा, ‘वरच्या गावात फोन करून पावसाचं विचारायचं तुमच्याकडे. पाण्यात कुठपर्यंत जायचं ते तुम्ही आधी काठी घेऊन बघायचं. आणि मुलं पाण्यात असताना आपल्यातल्या एकाने काठावर, फोन खिशात ठेवून, फक्त त्यांच्याकडे बघायचं. अर्धा तास मी, अर्धा तास तुम्ही.’ तुम्ही घाबरता म्हणून ते तुम्हाला हसले असतील. पण हेच काम त्यांच्या हाती आलं की ते तुमच्यापेक्षा कडक होतील, असं मला वाटतं. बऱ्याच घरांत मी हे पाहिलंय. आणि एक गोष्ट ठाम सांगा, यात तडजोड करू नका: ज्या टोळक्यात दारू येणार आहे, त्या टोळक्याबरोबर मुलांना घेऊन पाण्यावर जायचं नाही.

काठावर बसणाऱ्याला काय बघायचं तेही सांगून ठेवते. पाण्याला लागून असलेल्या एका दगडावर नजर ठेवा. दगड बुडायला लागला, पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, आवाज बदलला, यातलं एकही दिसलं तर चपला आणि डबे तिथेच टाकून मुलांना घेऊन वर चढा. पळायचं ते प्रवाहाच्या दिशेने नाही, बाजूच्या उंचावर. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. ते गप्प होतं, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला. कुणी बुडत असेल तर मागे उडी मारू नका. दोर, ओढणी, साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. म्हणून सामानात २० मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा कॅन असू द्या. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबू नका, उलटं टांगू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. हे वाचून येत नाही, तुम्ही दोघांनीही एखाद्या डॉक्टरांकडून किंवा प्रथमोपचाराच्या वर्गात शिकून घ्या. १०८ आणि ११२ हे दोन्ही नंबर मुलालाही पाठ हवेत. डोंगरात रेंज कुठे संपते ते जाताना लक्षात ठेवा.

मुलांना पोहायला शिकवा, तुमच्या गावाजवळ जिथे सोय असेल तिथे, या उन्हाळ्यातच. पोहता येणाऱ्यालाही वाहत्या पाण्यात मोकळं सोडायचं नाही, पण पाण्याशी ओळख असलेलं मूल घाबरून हातपाय झाडत नाही. आणि जमलं तर तुम्हीही शिका. वयाचं मनात आणू नका.

सासूबाईंना प्रत्येक वेळी घरी ठेवू नका. गुडघे दुखत असले तरी काठावर खुर्ची टाकून बसता येतं. त्यांना मुलांसमोर विचारा, बोरीला मोठा पूर कधी आला होता, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं, तेव्हा घरात कोण कोण होतं.

पहिली सहल पाटणादेवीची धरली तर दशम्या आदल्या रात्री करून ठेवा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि हिरवी मिरची. नाश्ता गाडीतच होऊ द्या, म्हणजे ऊन चढायच्या आत तुम्ही देवळापाशी पोहोचाल. आणि चौकीवर विचारायचं काम यजमानांचं, हे निघतानाच ठरवून टाका.